अकरा केव्हीचा पाट

ये बुद्धभूषण, ये. थे खुर्ची ओढ अन् पंख्याखाली बस. वरच्या माळ्याचा नकाशा पाहिजे तुले, समजलो मी. तुही माय म्हनते का दुधराम भाऊच काढन, दुसऱ्या कोनाले द्याचा नाही, हेबी समजलो. पन टेप अन् कागद पिशवीतच राहू दे अजून. पहिले मी तुले एक गोष्ट सांगतो. हसासारखी आहे. गावात सांगशील त लोकं पोट धरून हसतीन. मी नाही हसत. आठ वर्षं झाले, कोनाले सांगलो नाही. तू तवा नागपूरले कंपनीत होता, म्हनून तुले अर्धीच माहीत आहे, अन् जे अर्धी माहीत आहे थे खोटी आहे. ऐक. अन् गोष्ट होतवरिक मले मामा-मामा करू नको.

आता माहं शिक्षन तुले ठाऊकच आहे. सातवी, थेबी मास्तरनं दया केली म्हनून. मी सर्वेवाल्याच्या मागं साखळी ओढनारा मानूस. धानाच्या बांधीतून, चिखलातून, तळ्याच्या पारीवरून साखळी ओढून ओढून खांदे गेले. मंग साखळी बंद झाली, मशिनी आल्या. चंद्रशेखर साहेबानं अर्जुनीले बस स्टँडच्या मागं नकाशाचं ऑफिस खोललं, त मी तिथं झाडू मारायचो, चहा आनायचो, अन् कंप्युटरवाल्याच्या मागं उभा राहून पाहायचो. थो कंप्युटरवाला रायपूरले पळाला. साहेब म्हने, "दुधराम, बस तू. येते तुले, पाह्यलो मी." बसलो. कॅड म्हनतेत त्याले, कंप्युटरवर नकाशा काढाचं साधन. इंग्रजी मले येत नव्हती, पन कोनत्या बटनानं काय होते थे बोटाले पाठ होतं.

साहेबानं मंग एक डिप्लोमावाला ठेवला, हिमांशू. गोंदियाचा, हिंदीच बोले. रोज सकाळी येऊन मले म्हने, "क्या दुधराम इंजिनियर, आज कौनसा पूल गिराओगे?" मी हसायचो. मनाले मात्र लागायचं. हे ध्यानात ठेव, काऊन का पुढं मी जे केलो थे ह्याच्याच पायी केलो.

सन दोन हजार सहा. तुमच्या गावात घरकुलासाठी नवे प्लॉट पाडाचे होते, तळ्याच्या खालच्या अंगाले. नकाशा माह्याकडं आला. चार रांगा प्लॉट, मधात रस्ते, अन् शेवटच्या रांगेच्या मागून तळ्याचा पाट, जो खाली धानाच्या बांध्याइले पानी नेते. शेवटच्या रांगेतला शेवटचा प्लॉट तुह्या मायचा, कुसुमबाईचा. तिथं पाट वळून जवळ येते, म्हनून थोच एक प्लॉट पाटाले लागून.

नकाशा पहिले ग्रामसभेत दाखवला. काळापांढरा कागद. रस्ता तुटक लाइनचा, पाटबी तुटक लाइनचा, फरक एवढाच का एकाची काडी लांब अन् एकाची आखूड. शालीकरामनं पाटावर बोट ठेवलं अन् म्हने, "हा पाहा रस्ता. माही बंडी इथूनच जाईन."

मी म्हनलो, "शालीकराम, थो पाट आहे. बंडीसंग पोहत जाशील काय?"

सभा हसली. पन थो बिचारा म्हने, "मंग लिहा ना त्याच्यावर! आम्हाले काय समजते तुमच्या काड्या?"

थे माह्या डोक्यात बसलं. बरोबर बोलला थो. लाइननं स्वतःचं नाव स्वतःच सांगाले पाहिजे. काडी, मंग पाट, काडी, मंग पाट, असं शेवटवरिक. कॅडमधी अशी लाइन घरी बनवता येते. एक साधी फाइल राहते, तिच्यात आकडे टाकाचे: काडी किती, जागा किती, मधात कोनते अक्षरं. हिमांशूले इचारलो त थो म्हने, "छोडो दुधराम, ये तुम्हारे बस का नहीं है." बस. मंग त बनवनंच आलं.

तीन दिवस गेले, बापू. पहिल्या दिवशी लाइन घेतेच ना. फाइल उघडली का कंप्युटर म्हने चूक आहे. कोनती चूक, थे सांगे ना. एकेक कॉमा पाह्यलो, एकेक टिंब पाह्यलो. एका ठिकानी कॉमाच्या मागं मोकळी जागा पडली होती, थे काढलो. तरी नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी चिडून उठलो अन् उठता उठता एन्टरवर हात आपटलो. फाइलीच्या शेवटी एक कोरी ओळ पडली. पुन्हा पाह्यलो त लाइन आली! शेवटच्या ओळीनंतर एन्टर लागते, एवढंच होतं सारं. त्याच्यासाठी मी दीड दिवस भाकर धड खाल्लो नव्हतो.

आली, पन अक्षरं एवढे मोठे का एका 'पाट'मधी अख्खं तळं बुडलं. माप कमी केलो. मंग जिथं पाट उलटा वळते तिथं अक्षरं डोक्यावर उभे. थे कसे सुधरवलो माहीत आहे? पूर्न पाट पुसलो अन् दुसऱ्या टोकाकडून काढलो. तळ्याकडून शेताकडं येत होतो, त आता शेताकडून तळ्याकडं गेलो. अक्षरं सरळ झाले. पानी उलटं वाहे ना, लाइन उलटी वाहिली.

साहेबानं पाह्यलं त खांद्यावर हात ठेवला. म्हने, "दुधराम, हे लय झकास. आता बाकी गावचे नकाशेबी याच लाइनीनं काढ." अन् हिमांशूकडं पाहून म्हने, "तूबी शिकून घे याच्याकडून." थ्या दिवशी मी घरी चालत गेलो का उडत गेलो, सांगता येत नाही. बायकोले म्हनलो, आज मासोळी कर.

आता एक गोष्ट नीट समजून घे, बाकी सारं त्याच्यावर आहे. तवाचे मराठी अक्षरं कंप्युटरमधी खरे मराठी नव्हते. खाली इंग्रजी बटनं, वरून मराठी कपडे. थे कपडे म्हनजे फाँट. माह्या फाँटमधी 'पाट' लिहाचं त दाबा लागे आय, के अन् मोठा व्ही. माह्या कंप्युटरवर थे 'पाट' दिसे. दुसऱ्याच्या कंप्युटरवर थो फाँट नसला त कपडे गेले, अन् उरला आय के व्ही. हे मले माहीत होतं, बुद्धभूषण. माहीत नव्हतं असं नाही. लाइनीच्या नादात आठवन नाही झाली; बाकी नकाशावर निसते आकडे होते, मराठी हाच एक शब्द.

मोठा कागद छापाची मशीन अर्जुनीले नव्हती. सीडी घेऊन गोंदियाले गेलो. छपाईच्या दुकानात मोनाली नावाची पोरगी कामाले होती, शांत, चष्मा लावे. तिनं कागद काढला, सुरळी केली अन् म्हने, "दादा, एक बार खोलून पाहून घ्या. लाइनमधी काही आय के व्ही, आय के व्ही लिहून येऊन राहिलं."

मी काय म्हनलो? मी म्हनलो, "थे मराठी आहे. तुले मराठी वाचता येत नाही काय?"

थे म्हने, "दादा, मराठी असतं त वाचलं नसतं काय मी?"

मागचे दोन-तीन गिऱ्हाइक हसले. मले राग आला. मी तीन दिवस डोकं फोडून लाइन बनवलो, साहेबानं पाठ थोपटली, अन् हे मशीन चालवनारी मले सांगते! म्हनलो, "माह्या हातचं काम आहे. पाहाची गरज नाही." गाडीचीबी येळ झाली होती, हे खरं आहे. पन गाडी नसती तरी मी सुरळी खोलली नसती.

साहेबानं सुरळीचा कोपराच उघडून सही केली, अन् नकाशा तालुक्याच्या ऑफिसात गेला. तिथं बाबूनं पाह्यलं का शेवटच्या रांगेच्या मागून एक लाइन जाते, अन् तिच्यावर ठायी ठायी लिहून आहे, काडीसारखा आय, मंग केव्ही. त्याले वाटलं एक केव्ही, म्हनजे एक हजार व्होल्टची बिजली. मंग त्याले वाटलं, एक केव्हीची तार त कुठं राहत नाही, अकरा केव्हीची राहते, नकाशावाल्याचा एकचा आकडा सुटला असन. त्यानं पेन्सिलीनं बाजूले आनखी एकचा आकडा काढला. झाली अकरा केव्ही. बाकी प्लॉट दूर होते, मंजूर झाले. तुह्या मायले मात्र कागद आला का प्लॉटलगत उच्च दाबाची विद्युत वाहिनी आहे, सबब घरकुल मंजूर करता येत नाही.

थे इथं आली, याच दारात. हातात थो कागद. म्हने, "भाऊ, माह्या डोक्यावरून तार गेली म्हनते. मी त रोज वर पाहून राहिली. बगळे दिसते, तार नाही दिसत."

मी हसलो. खरं सांगतो, मोठ्यानं हसलो. म्हनलो, "बाई, तुमच्या गावात लाइट चार घंटे राहत नाही अन् अकरा केव्ही कुठून आली? चला, मी पाहून येतो."

गेलो ऑफिसात. बाबूनं नकाशा टेबलावर पसरवला. अन् मले माहाच पाट दिसला, नागडा. आय के व्ही, आय के व्ही, तळ्यापासून खाल्लकडं. बाजूले पेन्सिलीचे एकचे आकडे. मोनालीचा चष्मा डोळ्यापुढं आला.

बाबू म्हने, "काय दुधरामजी, ही लाइन कोनत्या फीडरवरून आली?"

तिथंच सांगाचं होतं. एवढंच म्हनाचं होतं का साहेब, हा पाट आहे, चूक माही आहे, उद्या दुसरा कागद आनून देतो. बस, खेळ खतम. पन नवीन कागदावर चंद्रशेखर साहेबाची सही लागे. साहेब इचारन काऊन. तवरिक थे लाइन आनखी पाच गावच्या नकाशात गेली होती. अन् हिमांशू. हिमांशू काय म्हनन, थे मले तिथंच ऐकू येत होतं. पुऱ्या अर्जुनीत मले 'अकरा केव्ही' म्हनतीन.

मी म्हनलो, "पाहून सांगतो, साहेब."

बाहेर तुही माय लिंबाखाली उभी होती. मले पाहून पदर नीट केला. म्हने, "काय म्हनते, भाऊ?"

अन् मी म्हनलो, "बाई, तुम्ही बिजली ऑफिसातून लिहून आना का इथं तार नाही. मंग होते काम."

समजलं काय तुले? जे तार नाही, जे मीच काढली, तिचा दाखला आनाले मी तुह्या मायले पाठवलो.

थे गेली ना. पहिल्यांदा गेली त साहेब दौऱ्यावर. दुसऱ्यांदा गेली त म्हने अर्ज लिहून आना. अर्ज मीच लिहून दिलो! चांगल्या अक्षरात. तिसऱ्यांदा रामलाल लाइनमन आला, सायकलवर. प्लॉटवर उभा राहून वर पाह्यलं, खाली पाह्यलं, म्हने, "कुसुमबाई, तार असती त कोनत्या खांबावरून कोनत्या खांबावर जाते थे लिहून दिलो असतो. नसलेल्या तारीचा खांब नंबर काय टाकू?"

थे म्हने, "नाही म्हनून टाका ना, बापा."

"नाहीचा फॉर्म नाही राहत, बाई."

हे सारं थे मले येऊन सांगे. हसून हसून सांगे. तुह्या मायचं हसू कसं आहे माहीत आहे, तोंडावर पदर ठेवून. अन् येताना रिकाम्या हातानं येत नव्हती. कवा सुकी मासोळी, कवा घरचे वाटाने. म्हने, "भाऊ, तुम्ही माह्यासाठी एवढं करून राहिले." मी घ्यायचो. नाही म्हनलो त तिले शंका येईन, म्हनून घ्यायचो. अन् खायचोबी.

गावातबी गंमत झाली. सरकारी कागदावर लिहून आहे म्हनल्यावर लोकाइले तार दिसाले लागली. शामकलाबाई म्हने, "संध्याकाळी कुसुमच्या प्लॉटवरून जातो त अंगाले झिनझिन्या येते." शालीकराम म्हने, तार जमिनीच्या खालून असन, आताच्या तारी तशाच राहते. त्यानं बैल तिकडं बांधनं सोडलं. थोच शालीकराम, ज्याले समजावं म्हनून मी 'पाट' लिहलो होतो.

मार्च आला अन् गेला. त्या वर्षाची यादी बंद झाली. बाकीच्याइचे पाये खोदले, इटा पडल्या. तुही माय जुन्या घरातच राहिली, थे मातीच्या भितीचं, गावाच्या वरच्या अंगाचं. मी म्हनलो, होईन पुढच्या वर्षी, एक वर्षानं काय होते.

भादव्यात तीन दिवस झड लागली अन् मागची भित पडली. भित पडली थे तुले माहीत आहे. तिचा पाय सापडला थेबी माहीत आहे, तू आला होता दवाखान्यात. पन भित पडली तवा थे अजून तिथं काऊन होती, थे तुले माहीत नव्हतं. आता झालं.

मीबी दवाखान्यात भेटाले गेलो होतो तवा. तू मले चहा पाजला, आठवते? तुही माय खाटेवरून म्हने, "पाहा ना भाऊ, तिकडं तार अन् इकडं भित. जाव त कुठं जाव?" अन् हसली. मी कप खाली ठेवलो अन् म्हनलो, येतो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं गोंदियाले गेलो. काऊन गेलो म्हनशील त नकाशा पुन्हा छापाचा होता. 'पाट' काढून टाकलो, साधी लाइन केलो, बाजूले वेगळं लिहलो अन् फाँटबी सीडीत घेतलो. मोनालीनं सीडी लावली, पाह्यलं, अन् म्हने, "वो आय के व्ही निकाल दिया?" मी मान हलवलो. थे म्हने, "मी सांगलं होतं, दादा." बस, एवढंच. टोमना नव्हता. यावेळी मी सुरळी तिथंच खोलली, हात लावून लावून पाह्यलो, आडवा-उभा. थे पाहत होती. मले तिले माफी मागाची होती, पन दुकानात लोकं होते. लोकं नेहमीच राहते, बुद्धभूषण.

साहेबाची सही बाकी कागदाच्या गठ्ठ्यात घेतलो. त्यानं पाह्यलंबी नाही. पाच गावचे नकाशेबी तसेच चुपचाप बदलवलो. तालुक्यात बाबूले म्हनलो, "साहेब, तिथली अडचन दूर झाली." त्यानं जुना कागद काढला, नवा लावला. पुढच्या वर्षी पहिल्या यादीत कुसुमबाईचं नाव.

अन् गावात काय पसरलं? का दुधरामनं अकरा केव्हीची तार हटवली. वरपर्यंत जाऊन लाइन दुसरीकडून नेली. शामकलाबाई म्हने, "खरं आहे, आता झिनझिन्या नाही येत."

घरात गेले त्या दिवशी तू होताच. मेनबत्त्या लावल्या, वंदना झाली, खीर वाटली. मंग तुही माय उभी राहिली, थो पाय ओढत पुढं आली, अन् साऱ्या मानसाइपुढं म्हने, "माहा पाठचा भाऊ नाही. पन या भावानं माह्या घरावरची तार उचलून फेकली." अन् माह्या खांद्यावर शाल टाकली. तू टाळ्या वाजवल्या. सारेच वाजवत होते. मी तोंड उघडलो. म्हनलो, "माहं काय, माह्याकडून जे झालं थे केलो."

असं बोललो मी, बुद्धभूषण. खोटंबी नव्हतं ना! जे झालं थे माह्याकडूनच झालं होतं. घरी येऊन बायको म्हने, शाल चांगली आहे, हिवाळ्यात होईन. मी आजवरिक अंगावर घेतलो नाही.

तवापासून तू मले मामा म्हनते. तुह्या लग्नात मले मामाच्या जागी उभं केलं. पत्रिकेत नाव टाकलं. एकेकदा वाटे सांगाव, मंग वाटे आता घर झालं, तिचा पाय काही सरळ होनार नाही, सांगून कोनाचं भलं आहे? पन थे भलं कोनाचं पाहत होतो मी? माहंच. हिमांशू कवाचा पुन्याले गेला, साहेबानं ऑफिस बंद केलं, नकाशाची थे लाइन आता कोनाले आठवतबी नाही. जेच्याइले भेत होतो, थे एकबी इथं नाही. मंग काऊन नाही सांगलो? तिचं थे पदर धरून हसनं बंद होईन म्हनून. हे मले काल रातीपर्यंत समजलं नव्हतं. तुहा फोन आला का माय म्हनते मामाकडंच जा, अन् मी जेवता जेवता ताटावरून उठलो.

शिव्या द्याच्या असतीन त दे, तुहा हक आहे. तू लहान आहे म्हनून थांबू नको.

नकाशा मी काढन, जर यानंतरबी तुह्या मायले माह्या हातचा पाहिजे असन त. पन पहिले मले तिच्याकडं ने. आत्ता. गाडी आनली आहे ना तू? मी मागं बसतो. तू तिले काही सांगू नको, फोनबी करू नको. मीच सांगतो, अंगनात उभा राहून, शेजारपाजार असला तरी. एकच काम कर माहं. रस्त्यात मी म्हनन का पोटात दुखते, जरा थांब, उतरतो, उद्या जाऊ. म्हननच मी, आठ वर्षं हेच करून राहिलो. मी कितीबी म्हनलो तरी गाडी थांबवू नको, बापू.